फिल्टर धुतला की आठवड्यात पाणी पुन्हा हिरवं: परसातल्या हौदाच्या घरगुती फिल्टरचं नेहमीचं दुखणं

परसातल्या हौदावर निळ्या ड्रमचा फिल्टर बसवलेल्यांची मराठवाड्यात एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. फिल्टर धुतला की दोन-तीन दिवस पाणी नितळ. आठवडा होतो न होतो तोच हिरवं. मग धार बारीक होत जाते, स्पंज चिकट होतो आणि पुन्हा ड्रम उपसून धुवायची वेळ येते. अधूनमधून एखादा गोल्डफिश सकाळी मेलेला सापडतो. "दादा, परवाच तर धुतला की हो, स्पंज अगदी कोरा करकरीत केलता," असं कुणी सांगितलं की मी आधी हेच विचारतो, कोणत्या पाण्यानं धुतला? बहुतेक वेळा उत्तर येतं, नळाच्या नाहीतर टँकरच्या. स्पंज कोरा करकरीत झाला, तिथेच दुखण्याचं मूळ आहे.

फिल्टर दोन कामं करतो. गाळ अडवतो, ते आपल्याला दिसतं. दुसरं काम दिसत नाही आणि मासे जगतात ते त्याच्यावर. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात उतरतो. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, खडी, नळी, जिथे पृष्ठभाग मिळेल तिथे तपकिरी, बुळबुळीत थर धरून राहतात. वाढतात फार सावकाश. नवा फिल्टर पूर्ण कामाला लागायला ४ ते ६ आठवडे जातात. क्लोरीनच्या पाण्यानं तो थर धुऊन काढणं म्हणजे विरजणाचं भांडं घासून टाकून सकाळी दह्याची वाट बघणं.

आता ही साखळी बघा. एकाच ड्रममध्ये खाली खडी, वर कोळसा, त्यावर स्पंज अशी रचना असते. गाळ आणि जिवाणू एकाच जागी. गाळानं स्पंज तुंबतो म्हणून धुवावा लागतो. धुतला की जिवाणू जातात, जिवाणू गेले की अमोनिया साचतो. अमोनिया म्हणजे शेवाळाला आयतं खत, वर मराठवाड्यातलं ऊन. पाणी हिरवं होतं, मेलेलं शेवाळ स्पंजात अडकतं आणि तो आधीपेक्षा लवकर तुंबतो. जितकं जास्त धुवाल तितकं जास्त धुवावं लागेल. जोवर गाळाची जागा आणि जिवाणूंची जागा वेगळी होत नाही, तोवर हे चक्र थांबत नाही. सगळ्या दुरुस्तीचं मर्म एवढंच आहे.

अमोनिया किती तयार होतो याचा अंदाज आधी घ्या. ३० टक्के प्रथिनं असलेलं १०० ग्रॅम खाद्य टाकलं की साधारण पावणेतीन ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. म्हणजे २००० लिटरच्या हौदात रोज ४० ग्रॅम खाद्य पडलं, तर काम करणारा फिल्टर नसताना दर लिटरमागे रोज अर्धा मिलिग्रॅमची भर. चार दिवसांत ते पाणी धोक्याचं झालं. पोरं येता-जाता मूठ-मूठ दाणे टाकत असतील तर त्याहून लवकर.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी त्यात भर घालतात. बोअरचं पाणी जड, क्षाराचं, त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) बहुधा ८ च्या आसपास किंवा वर. आणि पाणी गरम. अमोनियाचा खरा विषारी भाग पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो. ३० अंश तापमानाला पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अडीच टक्केच विषारी रूपात असतो. तोच पीएच साडेआठ झाला की २० टक्क्यांवर जातो. हिरव्या पाण्यात दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच आणखी चढतो. म्हणून अशा हौदातले मासे भर दुपारी, कडक उन्हात मरतात आणि लोक म्हणतात पाणी तापलं म्हणून गेले. नुसतं तापल्यानं जातात त्यापेक्षा तापलेल्या पाण्यातल्या अमोनियानं जास्त जातात, असं माझं मत आहे.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

ड्रम उघडायच्या आधी काचेच्या स्वच्छ बाटलीत हौदाचं पाणी घ्या आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. हिरवं असेल तर तरंगतं एकपेशीय शेवाळ. पेशी इतक्या बारीक की कुठलाही स्पंज त्यांना अडवत नाही, त्यामुळे "स्पंज अजून जाड टाकू का" याचं उत्तर "नाही" असंच आहे. दुधाळ पांढरट असेल आणि फिल्टर नुकताच धुतलेला असेल, तर सेंद्रिय घाणीवर वाढणारे दुसरे जिवाणू भराभर वाढलेत. हे पाणी काही दिवसांत आपोआप निवळतं. खाद्य बंद ठेवा, हवा वाढवा, बाकी हात लावू नका. तपकिरी असेल आणि बाटली रात्रभर ठेवूनही तळाला काही बसत नसेल, तर ती काळी माती आहे. चिकणमातीचे कण कितीतरी दिवस तरंगत राहतात. पहिल्या पावसात अंगणातलं पाणी हौदात शिरलं की हमखास असं होतं. फिल्टरचा त्यात काही दोष नाही, हौदाचा काठ जमिनीपासून वीतभर उंच करणं हा खरा इलाज. तोवर तुरटी चालते, पण आधी बादलीभर पाण्यात करून बघा आणि जेवढ्या कमीत कमी तुरटीनं माती खाली बसते तेवढीच वापरा.

मग मासे बघा. फक्त पहाटे तोंड वर काढून हवा घेत असतील आणि सूर्य वर आल्यावर खाली जात असतील, तर ऑक्सिजनची कमतरता. रात्री शेवाळही ऑक्सिजनच खातं, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. दिवसभर वर असतील, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसत असतील, तर नायट्राइट. ताजं पाणी भरल्यावर तासाभरात सैरावैरा पळत असतील, उड्या मारत असतील, तर बहुधा क्लोरीन.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचं घ्या. किंमत जास्त वाटते, पण एका चांगल्या कोई माशाच्या किमतीपुढे काही नाही. दोन्ही आकडे शून्य दाखवायला हवेत. शून्य येत असतील आणि पाणी तरीही हिरवं असेल, तर फिल्टर ठणठणीत आहे आणि त्याला धुण्याचं काहीच कारण नाही. असे कितीतरी चांगले फिल्टर पाण्याच्या रंगाकडे बघून धुतले जातात आणि मग खरोखरच बिघडतात.

दोन भाग करा

समजा हौद २ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, ८० सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे २००० लिटर. त्याला एक अख्खा २०० लिटरचा ड्रम आणि एक अर्धा कापलेला ड्रम पुरतो. ड्रम खाण्याच्या वस्तूंचा असावा. भंगारवाल्याकडून घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा आणि झाकण उघडून वास घ्या. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी माशांसाठी नको.

अख्खा ड्रम गाळाचा. तो वीटबांधणीच्या अर्ध्या मीटर उंच ओट्यावर ठेवा. मोटारीचं पाणी वरून, काठावरून आत आणा आणि पाइपचं तोंड ड्रमच्या भिंतीला चिकटून आडवं वळवा, म्हणजे पाणी सावकाश गोल फिरतं आणि जड घाण मध्ये खाली बसते. तळाला दीड इंची टँक निप्पल आणि कॉक लावा. हा कॉक या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, तो अर्ध्या इंचाचा लावून पैसे वाचवू नका, घाणीनं लगेच तुंबतो. ड्रमच्या वरच्या अर्ध्यात जुन्या शेडनेटच्या सैल गुंडाळ्या उभ्या टाका. बारीक गाळ त्यांना धरून राहतो आणि पाणी अडत नाही. पाणी ड्रमच्या समोरच्या बाजूनं, वरून तीन-चार बोटं खाली लावलेल्या दोन इंची पाइपमधून बाहेर, पुढच्या अर्ध्या ड्रमवर पडू द्या. ताशी १२०० लिटर पाणी चालत असेल तर ते या ड्रममध्ये दहा मिनिटं राहतं, गाळ बसायला तेवढा वेळ बरा.

अर्धा ड्रम जिवाणूंचा. इथे पाणी साठवायचं नाही, नुसतं झिरपू द्यायचं. आपल्या भागासाठी मी हाच प्रकार सुचवतो, त्याचं कारण पुढे लाईटच्या प्रश्नात सांगतो. वर छिद्रं पाडलेला पाइप किंवा मोठं प्लास्टिकचं ताट, त्यातून पाणी सगळीकडे सारखं पडलं पाहिजे. तळाला दोन इंची पाइप हौदात सोडलेला, म्हणजे पाणी तुंबायला वावच नाही. खालच्या बाजूनं हवेसाठी बोटभर छिद्रं पाडा. हे जिवाणू हवेवर जगतात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निस्तरायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो.

आत काय भरायचं? दुकानातले महागडे प्लास्टिकचे गोळे घ्यायची गरज नाही. मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक शेतात ठिबकच्या निकामी लॅटरलची वेटोळी बांधावर पडलेली असतात. १६ मिलिमीटरच्या नळीचे छाटणीच्या कात्रीनं दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. आतून-बाहेरून दोन्हीकडे थर बसतो, तुकडे एकमेकांवर गच्च बसत नाहीत, हवा खेळती राहते आणि गाळ अडकत नाही. क्षार बसलेल्या नळ्या असतील तर उलट बरं, खरबरीत पृष्ठभागावर थर लवकर धरतो. ज्या नळीतून कीटकनाशकाची आळवणी झाली असेल ती मात्र घेऊ नका. तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवून, चोळून धुवा आणि कांद्याच्या जाळीच्या गोण्यांत भरून ड्रममध्ये रचा. १०० लिटर तुकडे वर सांगितलेल्या ४० ग्रॅम रोजच्या खाद्याला सहज पुरतात. खडी चालते, पण वजनदार, पृष्ठभाग कमी आणि तुंबली की काढणं जिवावर येतं. वीटभट्टीचे कच्चे भाजलेले तुकडे विरघळून चिखल करतात. कोळसा थोड्या दिवसांत भरून जातो, मग तो नुसता खडीचं काम करतो.

मोटारीचं बोलायचं तर कूलरची मोटार बहुतेकांनी लावलेली असते. तिच्या खोक्यावर लिहिलेले लिटर शून्य उंचीचे असतात. दीड मीटर वर पाणी चढवायचं म्हटलं की धार निम्म्याहूनही कमी होते, आणि सलग दिवसरात्र चालण्यासाठी ती बनवलेलीही नसते. किमान तीन मीटर उंचीपर्यंत पाणी नेणारी, पूर्ण बुडणारी मोटार घ्या. ४० वॉटची मोटार दिवसाला एक युनिट खाते. नेमकं किती पाणी येतं ते मोजायला २० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. मिनिटात बादली भरली तर ताशी १२०० लिटर. हौदाचं सगळं पाणी दीड-दोन तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढे धार कमी झाली की नेमकी किती कमी झाली ते कळतं.

धार कमी झाली म्हणजे फिल्टरच तुंबला असं समजू नका. आधी मोटार उघडून बघा. आपल्या पाण्यात पंख्यावर पांढरा क्षार इतका बसतो की तो फिरताना घासतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा. मोटारीला बाहेरून शेडनेट गुंडाळलेली प्लास्टिकची टोपली लावली तर पानं आणि गप्पीची पिल्लं आत ओढली जात नाहीत.

आणि हे विसरू नका: पाण्यात हात घालण्याआधी मोटारीची पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवलाच पाहिजे. वायरचा जोड पाण्यात किंवा हौदाच्या काठावर नको.

लाईट जाते तेव्हा

हे दुखणं एकाएकी येतं आणि बरेच जण त्याचा संबंध फिल्टरशी लावतच नाहीत. लाईट गेली आणि बंद ड्रममध्ये पाणी थांबलं की काही तासांत तिथला ऑक्सिजन संपतो. जिवाणू गुदमरतात, खाली साचलेला गाळ सडतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. लाईट आली, मोटार आपोआप सुरू झाली की ते सगळं पाणी एका दमात हौदात. मग घरातले म्हणतात, लाईट नव्हती तेव्हा मासे चांगले होते, आल्यावर कसे मेले?

झिरपणाऱ्या ड्रमचा फायदा इथे आहे. पाणी निघून जातं, ओले तुकडे हवेत राहतात आणि जिवाणू बराच वेळ तग धरतात. उन्हाळ्यात हवा फार कोरडी असते म्हणून वर ओलं पोतं टाका आणि लाईट लवकर येणार नसेल तर दर तासाला तांब्याभर हौदाचंच पाणी शिंपडा. गाळाच्या ड्रममध्ये मात्र पाणी थांबतंच. तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ लाईट गेलेली असेल, तर मोटार सुरू करण्याआधी तळाचा कॉक उघडून तो ड्रम रिकामा करा आणि ते पाणी झाडांना सोडा. जिथे लाईटचं वेळापत्रक बेभरवशाचं, तिथे मोटारीची पिन काढून ठेवायची सवय लावा, म्हणजे ती आपल्या नकळत सुरू होणार नाही.

आणखी एक बारीक खोड. काही हौदांत लाईट गेल्या गेल्या पाणी गढूळ होतं. मोटारीचा पाइप ड्रममध्ये पाण्याखाली बुडालेला असेल तर मोटार थांबताच पाणी उलटं ओढलं जातं आणि ड्रममधला गाळ मोटारीतून परत हौदात येतो. पाइपला ड्रममधल्या पाण्याच्या पातळीच्या वर तीन मिलिमीटरचं एक छिद्र पाडा. हवा आत शिरते, उलटी ओढ तुटते. दहा मिनिटांचं काम.

कोणतं पाणी घालता

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, टँकरच्या पाण्यात अनेकदा त्याहून जास्त आणि दर खेपेला वेगळा. गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर दोन दिवस जरा जास्तच सांभाळा, पावसाळ्यात तर तो नेमानं पडतो. गावात जलसुरक्षक ज्या ओटीच्या थेंबांनी पाणी तपासतो, तेच थेंब इथे उपयोगी. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. उघड्या टाकीत एक-दोन दिवस उन्हात ठेवून, मध्येमध्ये ढवळून तो उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. साध्या नळाच्या १००० लिटर पाण्याला ४-५ ग्रॅम पुरतात, टँकरच्या उग्र वासाच्या पाण्याला १५ ग्रॅमपर्यंत. आधी बादलीत विरघळवून मग घाला आणि पुन्हा ओटी करून बघा.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ऑक्सिजनही जवळजवळ नसतो. ते फिल्टरच्या झिरपणाऱ्या ड्रमवरूनच हौदात सोडा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्याच्या दुपारी हाताला चटका देतं, ते सकाळी लवकर घाला.

उन्हाळ्यात पाणी रोज खाली जातं आणि आपण फक्त भर घालत राहतो. वाफ होऊन पाणी जातं, क्षार आणि नायट्रेट तिथेच राहतात. म्हणून आठवड्याला दहा टक्के पाणी काढलंच पाहिजे. टंचाईच्या दिवसांत पाणी काढून टाका म्हणणं जिवावर येतं, हे मला पुरेपूर कळतं. पण हे पाणी वाया जात नाही. गाळाच्या ड्रमचा कॉक दर आठवड्याला उघडून जे काळपट पाणी येतं, ते पेरूला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला घाला. नायट्रेट झाडांना हवंच असतं. तेवढं पाणी तुम्ही परसबागेला दिलं असतंच, ते आधी हौदातून फिरवून द्यायचं इतकंच.

गाळाच्या ड्रमची स्वच्छता एवढीच, आठवड्याला कॉक आणि महिन्या-दीड महिन्यानं शेडनेटच्या गुंडाळ्या झटकणं. या गुंडाळ्या कोणत्याही पाण्यानं धुतल्या तरी चालतात, ते ओघळ फक्त हौदात जाऊ देऊ नका. जिवाणूंच्या ड्रमला हात लावायचा नाही. वरच्या थरावर पाणी तुंबायला लागलं तरच निम्म्या गोण्या काढा, हौदाच्याच पाण्यात बादलीत दोनदा बुचकळा आणि परत ठेवा. उरलेल्या निम्म्या महिन्याभरानं. तपकिरी बुळबुळ तशीच राहिली पाहिजे. हौदात पोटॅशियम परमँगनेट किंवा दुसरं जंतुनाशक औषध घालायची वेळ आली तर फिल्टरमधून ते पाणी फिरवू नका.

फिल्टर नीट आणि तरीही हिरवं

मग ऊन कमी करा. ५० टक्क्यांचं शेडनेट हौदावर मार्च ते जूनपर्यंत ताणून बांधा, शक्यतो पश्चिमेकडून खाली झुकतं. कमळ, कर्दळ किंवा थोडी जलपर्णी ठेवा. जलपर्णी हौदातच ठेवा, नदी-ओढ्यात कधीच टाकू नका, तिथे ती आवरत नाही. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. तरीही हटत नसेल तर ९ ते ११ वॉटचा यूव्ही दिवा दोन्ही ड्रमच्या मध्ये जोडता येतो. तरंगत्या शेवाळावर तो हमखास चालतो, पण काचेवर क्षार बसला की निकामी होतो. महिन्याला लिंबूसत्त्वानं काच पुसायची तयारी असेल तरच घ्या. हिरवं पाणी अख्खं उपसून नवं भरणं हा इलाज नाही. नवं पाणी, तेच ऊन, मेलेले जिवाणू, आठवड्यात परत तेच.

काही वेळा वर्षातल्या ठराविक दिवसांतच त्रास होतो. होळीच्या आसपास असेल तर कारण असं की थंडीत जिवाणू मंदावलेले असतात आणि मार्चमध्ये पाणी तापताच माशांची भूक एकदम वाढते. आपण खाद्य दुप्पट करतो, फिल्टर अजून जागा व्हायचा असतो. खाद्य आठवड्या-आठवड्यानं थोडं थोडं वाढवा. जुलै-ऑगस्टमध्ये, घराला लागून सोयाबीन किंवा कापूस असेल तर फवारणीचं बघा. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अत्यंत कमी मात्रेतही मारतात. शेजारी फवारणी असेल त्या दिवशी हौद ताडपत्रीनं झाका आणि फवारणीचा पंप परसात कधीच धुऊ देऊ नका. औषधानं मेलेल्या माशांचं खापर फिल्टरवर फोडून तो धुतला, तर उरलेले मासे अमोनियानं जातात.

आत्ताच धुऊन बसला असाल तर

खाद्य पूर्ण बंद करा. धडधाकट मोठे गोल्डफिश आणि कोई आठवडाभर उपाशी सहज राहतात. क्लोरीन काढलेल्या पाण्यानं चौथा हिस्सा पाणी बदला, त्याचं तापमान हौदाएवढंच असू द्या. नायट्राइट दिसत असेल तर १००० लिटरला एक किलो खडेमीठ, आयोडीन नसलेलं, बादलीत विरघळवून दोन-तीन वेळा करून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला माशांच्या कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. मीठ असेपर्यंत हौदाचं पाणी झाडांना घालू नका. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा.

आणि ओळखीच्या कुणाचा निरोगी हौद असेल तर त्याच्या फिल्टरमधली एक गोणी मागा. ओल्या गोणपाटात गुंडाळून, उन्हातून न नेता, तासाभराच्या आत आपल्या ड्रममध्ये सगळ्यात वर ठेवा. त्याच्याकडे महिन्याभरात मासे आजारी पडलेले किंवा नवे आणलेले नसावेत, एवढी चौकशी आधी करा. अशा गोणीमुळे ४-६ आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले की पहिल्या दिवशी नेहमीच्या चौथ्या हिश्शाएवढं खाद्य टाका, दोन दिवसांनी पुन्हा तपासा, शून्यच असेल तर निम्म्यावर या.